गिअरबॉक्समधले लाल तेल

मे महिन्यातली गोष्ट. बिरवाडीच्या घरून आम्ही सात जण महाबळेश्वरला निघालो होतो. पोलादपूर मागे टाकून आंबेनळी घाट चढू लागलो. पाच-सहा वळणे ठीक गेली. मग एका चढाच्या वळणावर गाडीचे इंजिन एकदम मोठ्याने घोंघावले, गाडी मात्र क्षणभर जागच्या जागी थबकली आणि मग हिसका देऊन पुढे गेली. पुढच्या वळणावर पुन्हा तेच. एका बाजूला दरी, मागे भरलेली एसटी आणि गाडीत दोन म्हातारी माणसे. आम्ही गाडी बाजूला घेतली, अर्धा तास थांबलो आणि हळूहळू परत फिरलो. खाली सपाट रस्त्यावर आल्यावर गाडी शहाण्या मुलासारखी चालू लागली.

गाडी सात जणांची, ऑटोमॅटिक गिअरची. परदेशात जिला मिनीव्हॅन म्हणतात त्या जातीची. सात वर्षांत तिच्या गिअरबॉक्सचे तेल एकदाही बदललेले नव्हते. दोन जाणकारांना विचारले, तर दोन उत्तरे मिळाली. एक म्हणाले, "तेल जळलं असेल, लगेच बदला." दुसरे म्हणाले, "सर, चालतीय ना गाडी? मग हात लावू नका. जुनं तेल काढलं की गिअरबॉक्स बसतो, आम्ही लई बघितलेत."

हे ऐकून आमचा नववीतला पुतण्या म्हणाला, "काका, तेल म्हणजे काय जेवण आहे का, बदललं म्हणून बाधायला?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. तेल जुने होते म्हणजे नेमके काय होते? ते बदलल्याने यंत्र बिघडू शकते का? आणि हे काम घरच्या अंगणात करता येईल का? या तीन प्रश्नांची उत्तरे शोधताना आठवी ते बारावीच्या विज्ञानाची आमची चांगलीच उजळणी झाली. तीच आपल्यापुढे मांडत आहोत.

पंख्यासमोर पंखा

टेबलावरचे दोन पंखे समोरासमोर, हातभर अंतरावर ठेवा. एक चालू करा. दुसऱ्याची वायर प्लगमधून काढलेलीच असू द्या. पहिल्याच्या वाऱ्याने दुसऱ्याची पाती हळूहळू फिरू लागतात. दोन्ही पंख्यांना जोडणारा लोखंडी दांडा नाही. आहे ती फक्त हवा. आता दुसऱ्याची पाती काठीने अडवली तरी पहिला पंखा बंद पडत नाही, हेही लक्षात घ्या. (प्रयोग करताना जाळ्या काढू नयेत.)

हवेच्या जागी तेल घ्या आणि दोन्ही पंखे एका बंद डब्यात कोंडा. ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये असेच यंत्र असते. इंजिन एक चाक फिरवते, ते चाक तेल भिरकावते आणि त्या तेलाच्या माऱ्याने समोरचे चाक फिरते. सिग्नलला गाडी उभी असताना समोरचे चाक थांबते, पण इंजिन बंद पडत नाही. क्लचच्या पायपट्टीची गरज उरत नाही ती यामुळेच. ही कल्पना जर्मन अभियंता हेर्मान फ्योटिंगर यांची. १९०५ साली त्यांनी तिचे पेटंट घेतले, तेही मोटारीसाठी नव्हे तर जहाजांसाठी. जहाजाचे टर्बाइन फार वेगाने फिरते आणि पाण्यातला पंखा सावकाश फिरायला हवा असतो; त्या दोघांची सांगड घालायची होती. अशी तेलाची जोडणी आणि आपोआप बदलणारे गिअर असलेली मोटार अमेरिकेत जनरल मोटर्स कंपनीने १९३९च्या अखेरीस बाजारात आणली.

आजच्या गाड्यांत दोन चाकांच्या मध्ये तिसरे, छोटे चाक असते. परत येणाऱ्या तेलाची दिशा ते वळवते आणि त्यामुळे गाडी जागची हलताना इंजिनाचा पीळ जवळजवळ दुप्पट होऊन पुढे जातो. या सगळ्या जोडणीला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात.

एकच तेल, पाच कामे

हाताने गिअर बदलायच्या गाडीत गिअरबॉक्सच्या तेलाचे मुख्य काम वंगणाचे. ऑटोमॅटिकमध्ये मात्र तेच तेल पाच कामे करते. ते इंजिनाची शक्ती पुढे पोचवते. दातेरी चाकांना वंगण देते. आतली उष्णता बाहेर वाहून नेते. पंपाने दाबले गेल्यावर ते आतल्या क्लचच्या चकत्या एकमेकींवर दाबते. गिअर बदलतो तो या दाबाने. आणि पाचवे काम सर्वांत नाजूक: या चकत्या तेलात बुडालेल्या असतात, तरी त्या योग्य वेळी एकमेकींना घट्ट धरतील इतकेच घर्षण तेलाने शिल्लक ठेवायचे.

गंमत पाहा. दातेरी चाकांना हवे निसरडे तेल आणि चकत्यांना हवी पकड. एकाच द्रवाने दोघांचे समाधान करायचे. घर्षण फार कमी झाले तर चकत्या घसरतात आणि तापतात. फार जास्त झाले तर गिअर हिसका देऊन पडतो. यासाठी तेलात खास रसायने घालावी लागतात. एके काळी अमेरिकेत या कामासाठी स्पर्म व्हेल या देवमाशाचे तेल वापरत. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तेथे त्यावर बंदी आली आणि रसायनशास्त्रज्ञांना पर्याय शोधणे भाग पडले. एखादा प्राणी वाचवायचा तर कधी कधी गिअरबॉक्सचे रसायनशास्त्र नव्याने लिहावे लागते!

आणि लाल रंग? तो केवळ रंग आहे. गाडीखाली थेंब पडला तर तो इंजिनाच्या तेलाचा की गिअरबॉक्सचा हे ओळखता यावे म्हणून तो घालतात. तेलाच्या गुणांशी त्याचा संबंध नाही. त्यामुळे लाली गेली म्हणजे तेल संपले असे नाही, आणि लाल दिसते म्हणजे चांगले आहे असेही नाही.

घाट आणि उष्णता

सपाटीवर शहाणी असणारी गाडी घाटातच का अडली? आधी उष्णतेचा हिशेब करू. फळ्यावर मांडण्यासारखा आहे.

पोलादपूर ते महाबळेश्वर हा चढ उंचीत सुमारे १३०० मीटर. सात माणसे आणि सामान धरून गाडीचे वस्तुमान २२०० किलोग्रॅम धरू. मिळवलेली स्थितिज ऊर्जा = वस्तुमान × गुरुत्व त्वरण × उंची = २२०० × ९.८ × १३०० = सुमारे २ कोटी ८० लाख ज्यूल. विजेच्या भाषेत जवळजवळ ७.८ युनिट.

ही ऊर्जा गिअरबॉक्समधून जाताना तिच्या दहाव्या भागाएवढी उष्णता आतच तयार होते असे धरू. (हा भाग गाडीप्रमाणे आणि चालवण्याच्या पद्धतीप्रमाणे बदलतो, आपण फक्त अंदाज घेत आहोत.) म्हणजे २८ लाख ज्यूल उष्णता. गिअरबॉक्समध्ये ८ लीटर तेल आहे. त्याचे वस्तुमान सुमारे ६.८ किलोग्रॅम. एक किलोग्रॅम तेलाचे तापमान एक अंश वाढवायला सुमारे २००० ज्यूल लागतात. तर सगळे तेल एक अंशाने तापवायला १३,६०० ज्यूल. आता भागाकार करा: २८,००,००० ÷ १३,६०० = २०६.

म्हणजे उष्णता बाहेर गेलीच नाही तर घाट चढेपर्यंत तेल दोनशे अंशांनी तापेल! प्रत्यक्षात काही उष्णता गिअरबॉक्सचे धातू शोषून घेते आणि बरीचशी रेडिएटरजवळच्या नळ्यांतून हवेत किंवा पाण्यात जाते. म्हणून तेल सहसा ८० ते १०० अंश सेल्सियसच्या आसपास राहते. पण मे महिन्याचे ऊन, भरलेली गाडी, सावकाश चढणारी रांग आणि अधूनमधून थांबणे असे सगळे जुळून आले की आकडा वर सरकतो.

तेल म्हातारे होते म्हणजे काय?

गरम तेलाचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होतो. त्यातून आम्ले तयार होतात आणि चिकट पुटे बसतात. उघड्या वाटीत राहिलेले खोबरेल खवट होते त्याचाच हा भाऊबंद. ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढले की अशा क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणजे ९० अंशांऐवजी १२० अंशांवर राहिलेले तेल आठपट वेगाने म्हातारे होईल. कोकणातून घाटावर रोज ये-जा करणाऱ्या गाडीचे वय म्हणूनच फक्त किलोमीटरमध्ये मोजून चालत नाही.

दुसरे कारण श्यानता. श्यानता म्हणजे द्रवाचा वाहण्याला होणारा विरोध. गिअरबॉक्सच्या तेलाची श्यानता ४० अंशांना साधारण ३० ते ३५ सेंटिस्टोक असते आणि १०० अंशांना ६ ते ७. तापल्यावर ते पाचपट पातळ होते. हा फरक याहून वाढू नये म्हणून त्यात लांब साखळ्यांचे रेणू मिसळलेले असतात. दातांमध्ये चिरडून त्या साखळ्या तुटतात आणि तेल वर्षागणिक पातळ होत जाते. तिसरे कारण म्हणजे चकत्यांची आणि लोखंडाची बारीक झीज तेलात साठते.

श्यानतेचा प्रयोग वर्गात सोपा आहे. एका छोट्या डब्याच्या तळाला बारीक भोक पाडून त्यात ठरावीक माप एरंडेल ओता आणि ते गळून जायला किती सेकंद लागतात ते मोजा. मग तेच एरंडेल कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवून ४० आणि ५० अंशांपर्यंत तापवा आणि पुन्हा मोजा. आलेख काढा. ती रेषा सरळ येते की वाकडी? तेल शेगडीवर थेट तापवू नये.

कावळा आणि फांदी

आता दुसऱ्या जाणकारांचे म्हणणे. जुने तेल काढले आणि थोड्या दिवसांत गिअरबॉक्स निकामी झाला, असे त्यांनी खरोखरच पाहिलेले असणार. प्रश्न त्यामागच्या कारणाचा आहे. लोक तेल केव्हा बदलतात? बहुतेक वेळा गाडी हिसके देऊ लागल्यावर, घसरू लागल्यावर. म्हणजे चकत्या आधीच झिजलेल्या असतात. तेल बदलले नसते तरी तो गिअरबॉक्स जाणारच होता. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली आणि दोष कावळ्याला लागला.

पण सगळाच दोष काल्पनिक नाही. चुकीच्या जातीचे तेल घातले, पातळी कमी किंवा जास्त ठेवली, किंवा यंत्राने जोरात तेल सोडून आतली पुटे सैल केली आणि ती बारीक वाटांत अडकली, तर चांगला गिअरबॉक्सही बिघडू शकतो. म्हणून निष्कर्ष असा: तेल वेळेवर, योग्य जातीचे आणि योग्य मापाने बदलणे हिताचे. काढलेल्या तेलाला जळका वास असेल आणि तळाशी चकत्यांचा काळा चुरा व लोखंडाचे तुकडे सापडले, तर नवे तेल हे औषध नव्हे. तेथे गिअरबॉक्सच उघडावा लागेल.

आधी गाडी कोणती ते पाहा

"ऑटोमॅटिक" या एका शब्दात वेगवेगळी यंत्रे दडलेली आहेत. २०१४ साली मारुती सुझुकीने सेलेरिओ गाडीत जी पद्धत आणली, तिला एएमटी म्हणतात. तिच्यात गिअरबॉक्स साधाच असतो, फक्त क्लच आणि गिअर यंत्र हलवते. तिचे तेल साध्या गिअरबॉक्सचे. काही गाड्यांत दोन कप्प्यांवरून फिरणारा पट्टा असतो. त्या सीव्हीटीचे तेल निराळे. दोन क्लचच्या गिअरबॉक्सचे आणखी निराळे. २०१६ साली आलेल्या इनोव्हा क्रिस्टासारख्या गाड्यांचा सहा गतींचा गिअरबॉक्स टॉर्क कन्व्हर्टरचा. या लेखातले वर्णन फक्त या शेवटच्या जातीचे आहे. एकीचे तेल दुसरीत घालणे म्हणजे रॉकेलच्या स्टोव्हमध्ये पेट्रोल घालण्यासारखे. गाडीच्या पुस्तिकेत तेलाचे जे नाव व मानक छापलेले असेल, तेच घ्यावे. गाडी हमीच्या मुदतीत असेल तर घरी हात लावू नये.

अंगणातले काम

आमच्या गाडीच्या पुस्तिकेत पद्धत दिलेली होती. अंगण सपाट आणि फरसबंद. आम्ही पुढीलप्रमाणे काम केले.

गाडी दहा मिनिटे चालवून तेल कोमट केले. कोमट तेल पातळ असते आणि गाळ घेऊन बाहेर येते. फार गरम असेल तर हात भाजतात. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओंडके लावले, हँडब्रेक ओढला. पुढची बाजू जॅकने उचलून पक्क्या लोखंडी स्टँडवर टेकवली. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही, एक मिनिटासाठीही, शिरू नये. विटांवर तर नाहीच. जमीन मऊ असेल तर हे काम गॅरेजच्या खड्ड्यावरच करावे.

तेल काढण्याआधी ते भरायची जागा उघडते ना, हे पाहून घेतले. हा क्रम महत्त्वाचा. आधी जुने तेल सोडून दिले आणि मग भरायचे झाकण गंजून बसलेले आढळले, तर गाडी अंगणातच राहील! मग तळाचा नट काढला आणि तेल पातेल्यात घेतले. पुतण्याने ते दुधाच्या मापाने मोजून वहीत लिहिले: २.६ लीटर. रंग चहासारखा तपकिरी. वास जळका नव्हता.

नंतर खालचे तसराळे, गॅरेजच्या भाषेत चेंबर, कडेचे बोल्ट थोडे थोडे सैल करत उतरवले. आत दोन लोहचुंबक असतात. त्यांवर राखाडी, लोण्यासारखा मऊ लेप बसला होता. हा लोखंडाचा बारीक चुरा, तो असायचाच. बोटांत टोचणारे तुकडे असते तर चिंता होती. चुंबक पुसले, गाळणी नवी बसवली, चेंबरच्या कडेचे पॅकिंग बदलले. जुन्या पॅकिंगच्या एका कोपऱ्यावर तेलकट धुळीचा थर होता. त्याकडे त्या वेळी आम्ही फारसे लक्ष दिले नाही. बोल्ट आवळताना पुस्तिकेत दिलेला पीळ मोजून देणारा पाना वापरला. अंदाजाने जोर लावला तर ॲल्युमिनियमचे आटे सहज मरतात.

शेवटी लांब नळीच्या नरसाळ्यातून मोजून २.६ लीटर नवे तेल भरले. जेवढे निघाले तेवढे. गाडी खाली उतरवली, इंजिन सुरू केले आणि ब्रेकवर पाय ठेवून गिअरची दांडी पी, आर, एन, डी अशी प्रत्येक जागी काही सेकंद थांबवत फिरवली, म्हणजे तेल सगळ्या वाटांत पोचते.

गरम तेलाची उंची

तेलाची पातळी पाहण्याची पट्टी आमच्या गाडीला आहे. अनेक नव्या गाड्यांना ती नसते. पट्टीवर "गरम" आणि "थंड" अशा दोन वेगळ्या खुणा असतात. का? तेल एक अंश तापले की त्याचे आकारमान साधारण दहा हजारांत सात भागांनी वाढते. ८ लीटर तेल ३० अंशांवरून ८० अंशांवर गेले तर वाढ = ८ × ०.०००७ × ५० = ०.२८ लीटर. पाव लीटरहून जास्त! थंड तेल "गरम"च्या खुणेपर्यंत भरले, तर तापल्यावर ते जास्त होणार आणि फिरत्या भागांना लागून त्याचा फेस होणार.

म्हणून गाडी वीस मिनिटे चालवून आणली, सपाटीवर उभी करून इंजिन चालू असताना पट्टी पाहिली. पातळी खुणेच्या बरीच खाली! थोडे थोडे तेल घालत खुणेपर्यंत आलो तेव्हा आणखी ०.४ लीटर गेले होते. निघाले होते २.६ आणि गेले ३ लीटर.

पाच अष्टमांशाचे गणित

गिअरबॉक्समध्ये एकूण ८ लीटर तेल मावते, पण नट काढल्यावर निघते ते चेंबरमधलेच. टॉर्क कन्व्हर्टर, नळ्या आणि दाबाच्या वाटा यांतले ५ लीटर आतच राहते. त्यात ३ लीटर नवे मिसळले, म्हणजे जुन्याचा वाटा ५/८, टक्केवारीत ६२.५. काही दिवस गाडी चालवून, तेल नीट मिसळल्यावर, पुन्हा ३ लीटर बदलले तर जुने उरेल ५/८ × ५/८, म्हणजे ३९ टक्के. तिसऱ्यांदा २४, चौथ्यांदा १५ आणि पाचव्यांदा साडेनऊ टक्के. ही भूमिती श्रेढी आहे. जुने तेल शून्यावर कधीच येत नाही, पण तशी गरजही नसते.

वर्गात हे डोळ्यांनी दाखवता येते. पारदर्शक बरणीत ८०० मिलीलीटर पाणी घेऊन शाईने गडद करा. त्यातले १०० मिलीलीटर बाजूला काढून ठेवा आणि बरणीत ७०० ऐवजी पुन्हा ८०० मिलीलीटर, तेवढ्याच गडद रंगाचे, होईल असे करा. आता ३०० मिलीलीटर काढून टाका, ३०० साधे पाणी घाला, ढवळा. हे दोनदा करा. बाजूला ठेवलेल्या मूळ पाण्यातले ३९ मिलीलीटर घेऊन त्यात ६१ मिलीलीटर साधे पाणी मिसळा आणि दोन्ही रंग सारख्या पेल्यांत शेजारी ठेवून पाहा. जुळले तर गणित बरोबर. मग विद्यार्थ्यांना विचारा: न ढवळता केले असते तर?

पुरातल्या गाड्या

महाडकरांना २२ जुलै २०२१ विसरता येणार नाही. त्या दिवशी सावित्री आणि गांधारी नद्यांचे पाणी शहरात शिरले. तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली आणि अनेकांचे प्राण गेले. पाणी ओसरल्यावर रस्त्यांवर चिखलाने भरलेल्या गाड्यांच्या रांगा होत्या.

गिअरबॉक्सला हवा येण्या-जाण्यासाठी एक छोटी नळी असते. गाडी बुडाली की तेथून पाणी आत जाऊ शकते. तेल आणि पाणी घुसळले गेले की गुलाबी, दुधाळ मिश्रण तयार होते. रसायनशास्त्रात त्याला पायस म्हणतात. ते नीट वंगण देत नाही. शिवाय क्लचच्या चकत्यांवरचे अस्तर बहुधा कागदासारख्या तंतूंचे, डिंकाने चिकटवलेले असते. ते पाणी शोषते आणि सुटू लागते. म्हणून बुडालेली गाडी "चालते का ते बघू" म्हणून सुरू करू नये. आधी सगळ्या तेलांची तपासणी व्हावी. येथे वरचे पाच अष्टमांशाचे गणितही पुरेसे नसते. सगळे तेल काढावे लागते, आणि ते काम गॅरेजचे.

जुन्या तेलाचे काय करायचे?

पातेल्यात २.६ लीटर जुने तेल उरले. कुंपणाच्या वाळवी लागलेल्या खांबांना लावू, गटारात ओतू, अशा सूचना आल्या. आम्ही आणखी एक हिशेब केला. १ लीटर म्हणजे एका घनमीटरचा हजारावा भाग. तो पाण्यावर पसरून मिलीमीटरच्या हजाराव्या भागाइतका पातळ झाला, तर १००० चौरस मीटर पाणी झाकेल. बेंजामिन फ्रँकलिन यांनी लंडनमधल्या क्लॅपहॅमच्या तळ्यावर चमचाभर तेल ओतले तेव्हा सुमारे अर्धा एकर पाणी शांत झाले होते. ही हकीकत १७७४ साली प्रसिद्ध झाली. पावसाळ्यात बिरवाडीच्या गटारात पडलेले तेल ओढ्यातून सावित्रीत आणि तिच्याबरोबर बाणकोटच्या खाडीकडे जायला वेळ लागत नाही.

२०१६च्या घातक कचरा नियमांनुसार वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते आणि त्यावर पुन्हा प्रक्रिया करण्याची परवानगी असलेले कारखाने असतात. आम्ही ते झाकणाच्या कॅनमध्ये भरले, त्यात पाणी किंवा पेट्रोल मिसळू दिले नाही आणि जुने तेल अशा कारखान्यांसाठी जमा करणाऱ्या गॅरेजात नेऊन दिले. खाण्याच्या तेलाच्या कॅनवर मोठ्या अक्षरांत "जुने गिअर तेल" असे लिहायला विसरू नये.

शेवटी काय झाले?

पंधरा दिवसांनी, फक्त दोघे जण बसून, आम्ही पुन्हा आंबेनळी घाट चढलो. हिसका आला नाही. नंतर सात जण बसून गेलो, तरीही नाही. आम्ही खूश होऊन म्हणालो, "बघ, तेल म्हातारे झाले होते!"

पुतण्याने वही उघडली. "काका, तेल ०.४ लीटर कमी होते ना? मग हिसका जुन्या तेलाने येत होता की कमी तेलाने?"

आम्ही गप्प झालो. विचार केला तर त्याचेच खरे वाटते. पातळी कमी असेल तर सपाटीवर पंपाचे तोंड तेलात बुडालेले राहते. चढाच्या वळणावर तेल एका बाजूला जाते, पंप हवा ओढतो. हवा दाबली जाते, तेल जवळजवळ दाबले जात नाही. म्हणून फेसाळ तेलाचा दाब पडतो, चकत्या घसरतात, इंजिन घोंघावते आणि दाब परतला की हिसका बसतो. सपाटीवरचे शहाणपण आणि घाटातला हट्ट, दोन्हींचा उलगडा होतो. पॅकिंगच्या कोपऱ्यावरचा तेलकट थर तेल कुठे गेले तेही सांगत होता. तेल फक्त म्हातारे असते, तर त्रास वळणे निवडून आला नसता.

पण खात्रीने सांगता येत नाही, आणि चूक आमचीच. तेल काढण्याआधी दोन मिनिटे पट्टी पाहिली असती, पातळी तेवढी पूर्ण करून एकदा घाट चढून आलो असतो, तर उत्तर मिळाले असते. आम्ही एकाच वेळी तेलही बदलले, पातळीही बदलली, गाळणी आणि पॅकिंगही. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हे प्रयोगवहीच्या पहिल्या पानावर आपण मुलांना लिहायला लावतो आणि अंगणात विसरतो.

तेल बदलले याचा पश्चात्ताप नाही. सात वर्षांनी ते बदलायला हवेच होते. पण कावळ्याला दोष देणाऱ्यांना हसताना आम्हीही एक कावळा पकडून त्याला शाबासकी देत होतो. आपल्या शाळेच्या परिसरात गॅरेज असेल, तर विद्यार्थ्यांना तेथे जरूर घेऊन जा, जुने आणि नवे तेल शेजारी ठेवून पाहू द्या, आणि तेथे ऐकू येणाऱ्या प्रत्येक "असं केलं की असं होतं" या वाक्यापुढे एक प्रश्न लिहायला सांगा: हे आपल्याला कसे कळले?